नवोदित संशोधक आणि परिषदेचे व्यासपीठ

धर्मशास्त्रात ‘परिषद’ या शब्दाला एक नेमका अर्थ आहे. ज्या प्रश्नाचा निर्णय ग्रंथातील वचनावरून होत नाही, तो संशयित प्रश्न जाणत्यांच्या परिषदेपुढे ठेवावा आणि तिने विचारपूर्वक निर्णय द्यावा, अशी ती व्यवस्था होती. आधुनिक विद्यापीठांत हा शब्द विद्वानांच्या वार्षिक संमेलनासाठी रूढ झाला, तेव्हा त्याची ही जुनी अर्थच्छटा मागे पडली. तथापि नुकत्याच संशोधनास लागलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता तीच छटा आजही सर्वात उपयोगाची आहे. परिषदेस जावयाचे ते शंका घेऊन. परतावयाचे ते त्या शंकेला मिळालेली दिशा घेऊन. आज पुष्कळदा घडते ते याच्या उलट. संशोधक तयार निष्कर्ष घेऊन जातो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो.

असे का होते, आणि ते पालटावयाचे तर विद्यापीठाच्या विभागाने काय करावे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. विवेचन मुद्दाम एका विषयापुरते, म्हणजे नवप्रवर्तन-धोरणाच्या अभ्यासापुरते, आणि एका जिल्ह्यापुरते, म्हणजे २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यापुरते मर्यादित ठेवले आहे. मर्यादा लहान असली म्हणजे विधाने तपासून पाहता येतात.

१. विषयाचे स्वरूप

नवप्रवर्तन म्हणजे केवळ नवा शोध नव्हे. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट सिद्ध झाली तर तो शोध होय. ती लोकव्यवहारात उतरली, कोणाच्या उत्पादनाची किंवा राहणीची रीत तिने पालटली, म्हणजे ते नवप्रवर्तन होय. जोसेफ शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने त्याचे पाच प्रकार सांगितले : नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा उगम आणि उद्योगाची नवी संघटना. पुढे ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी १९८७ साली जपानवरील आपल्या ग्रंथात ‘राष्ट्रीय नवप्रवर्तन व्यवस्था’ ही कल्पना मांडली, आणि बेंग्ट-ओके लुंडवाल या डॅनिश अर्थशास्त्रज्ञाने तिला विस्तृत रूप दिले. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे की, नवे ज्ञान एकट्या कारखान्यात किंवा एकट्या संस्थेत जन्मत नाही. उत्पादक आणि उपभोक्ता, कारागीर आणि अभियंता, शासन आणि नागरिक यांच्या परस्परसंबंधांतून, एकमेकांपासून शिकण्याच्या क्रियेतून ते आकारास येते. हे संबंध जुळावेत व टिकावेत म्हणून शासन जे करते ते नवप्रवर्तन-धोरण.

आपल्या देशात या धोरणाचा धागा ४ मार्च १९५८ च्या विज्ञानविषयक धोरण-ठरावापासून सांगता येतो. त्यानंतर १९८३ चे तंत्रविद्याविषयक निवेदन आणि २००३ चे विज्ञान व तंत्रज्ञान धोरण आले. ‘नवप्रवर्तन’ हा शब्द धोरणाच्या नावातच आला तो २०१३ साली. आणि ते धोरण जाहीर झाले तेही कोलकाता येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या शंभराव्या अधिवेशनात, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांत नवोपक्रम व नवसंशोधन यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. म्हणजे हा विषय आता दूरच्या राजधानीतील राहिलेला नाही. तो विद्यापीठाच्या रचनेतच आला आहे.

२. जिल्ह्याजवळ असलेले प्रश्न

धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात या विषयाला सामग्री कोठून मिळणार, असा प्रश्न कोणी करील. वस्तुतः सामग्रीची वाण येथे मुळीच नाही. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण भूकंपाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात आठ हजारांच्या जवळपास माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांनी झोपेतील माणसांचा घात केला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. काही गावे नव्या जागी वसविली गेली, तर पुष्कळ गावांत जुन्याच घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले. या कामात गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहाय्यक’ या नात्याने घरमालक आणि अभियंता यांच्यामधील दुवा होण्याचे कार्य केले. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधून घ्यावे, भिंतींच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरवावा, ही तंत्रे तेव्हा खेड्यापर्यंत पोहोचली. आता प्रश्न असा की, त्या घरांना पुढील तीस वर्षांत ज्या नव्या खोल्या जोडल्या गेल्या, त्यांत ही तंत्रे टिकली काय? टिकली नसतील तर का? गवंड्याच्या हाताला ती वळणे पडली नाहीत, की अनुदान संपताच खर्च परवडेना, की भीती विसरली? हा शुद्ध नवप्रवर्तन-धोरणाचा प्रश्न आहे. आणि चुकीच्या उत्तराची किंमत काय असते हे या जिल्ह्याला कोणी सांगावयास नको.

दुसरे उदाहरण भूम तालुक्याच्या परिसरातील खव्याचे. कुंथलगिरीच्या खव्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन म्हणजे कायद्याने रक्षिलेले नाव. त्या नावाचा लाभ भट्टी चालविणाऱ्यापर्यंत आणि दूध घालणाऱ्यापर्यंत पोहोचतो, की वाटेतच थांबतो? भट्टीच्या इंधनात बदल केला तर चव आणि मानांकन दोन्ही राहतील काय?

तिसरे उदाहरण उस्मानाबादी शेळीचे. बहुधा काळ्या रंगाची, जुळी करडे देण्याबद्दल ख्यात असलेली ही जात या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाते. तिचे संगोपन मुख्यतः लहान शेतकरी व भूमिहीन कुटुंबे करतात, आणि त्यातील बराच भार स्त्रियांवर असतो. पैदाशीचे व रोगप्रतिबंधाचे शास्त्रीय ज्ञान त्या स्त्रियांपर्यंत कोणत्या वाटेने जाते, हाही धोरणाचाच प्रश्न आहे.

हे प्रश्न मुंबई-दिल्लीत बसून सुचत नाहीत. ते येथल्या संशोधकालाच दिसतात, कारण ते त्याच्या अंगणात आहेत. परंतु प्रश्न दिसणे आणि तो शास्त्राच्या भाषेत मांडणे, यांत अंतर आहे. ते अंतर तोडण्यास परिषद साहाय्यभूत व्हावयाची असते.

३. वाचन पुरेसे का नाही

येथे अशी शंका निघेल की, आज सर्व नियतकालिके घरबसल्या वाचावयास मिळत असता परिषदेचे इतके अगत्य कशाला? या शंकेचे उत्तर हॅरी कॉलिन्स या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सापडते. एका विशिष्ट प्रकारचे लेसर-यंत्र निरनिराळ्या प्रयोगशाळा उभारू पाहत होत्या. यंत्राचे वर्णन छापून प्रसिद्ध झालेले होते. तथापि केवळ छापील मजकुराच्या आधारे ते यंत्र चालू करणे एकाही प्रयोगशाळेस साधले नाही, असे कॉलिन्स यांना आढळले. ज्यांनी ते आधी चालवून पाहिले होते अशांशी प्रत्यक्ष संबंध आला, तेव्हाच ते साधले. ज्ञानाचा काही भाग असा असतो की तो लेखात उतरत नाही, सहवासातच मिळतो.

जे यंत्राच्या बाबतीत खरे, ते सामाजिक संशोधनाच्या बाबतीतही पुष्कळ अंशी खरे आहे. मुलाखतीतील कोणते उत्तर विश्वसनीय मानावे, किती गावे निवडली म्हणजे नमुना पुरेसा होतो, कोणत्या प्रश्नावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि कोणता अजून मोकळा आहे, हे जाणकाराच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात जितके कळते, तितके दहा लेख वाचून कळेलच असे नाही. महानगरातील विद्यार्थ्यास असे बोलणे अधूनमधून, आयतेच ऐकावयास मिळते. धाराशिवच्या विद्यापीठ-उपकेंद्रातील किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातील संशोधकास ते मिळत नाही. छत्रपती संभाजीनगर येथील मुख्य परिसर त्याच्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर आहे. म्हणून परिषदेतील दोन दिवस हे त्याच्या वाट्यास येणारे मोठे धन आहे. ते वाया गेले तर त्याची भरपाई लवकर होत नाही.

४. नियमांनी झालेले रूपांतर

हे धन वाया जाण्याचे मुख्य कारण संशोधकाचा आळस हे नव्हे. नियमांनी परिषदेचे रूप पालटले, हे होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या निवडीसाठी व पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धती आणली, आणि तीत परिषदेतील निबंधवाचनासही गुण ठेवले. २०१६ च्या विनियमांनी पीएच. डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन निबंध परिषदांत वाचलेले असावेत अशी अट घातली. हेतू चांगला होता. विद्यार्थ्याने चार लोकांपुढे उभे राहावे, असा तो होता. परंतु जेथे गुण आणि अट आली, तेथे त्यांचा बाजारही आला. कोणताही विषय चालेल अशी ‘बहुविद्याशाखीय’ परिषद, निबंध न वाचताच एका दिवसात कळविलेली स्वीकृती, प्रत्येकास पाच मिनिटे, आणि शुल्क भरताच तयार होणारे प्रमाणपत्र, हा प्रकार आता कोणास अपरिचित राहिलेला नाही.

२०२२ च्या विनियमांनी दोन निबंधांची सक्ती काढून टाकली. नियतकालिकांच्या दर्जासाठी आयोगाने जी यादी चालविली होती, तीही २०२५ साली बंद झाली. याचा अर्थ असा की, चांगले कोणते आणि नुसते नावाचे कोणते, हे ठरविण्याची जबाबदारी आता पूर्णपणे विभागांवर व मार्गदर्शकांवर आली आहे. सक्ती गेल्यामुळे परिषदेस जाऊच नये, असाही निष्कर्ष काही ठिकाणी काढला जाण्याचा संभव आहे. तो अधिकच हानिकारक होईल. सक्ती गेली म्हणून गरज गेली असे नव्हे. उलट आता कोठे परिषदेस खऱ्या गरजेपोटी जाता येईल.

५. तीन नमुने

परिषदेद्वारा नवोदितांस साहाय्य करण्याचे काही नमुने आपल्यासमोर आहेत.

पहिला नमुना ग्लोबेलिक्स या जागतिक अभ्यासमंडळाचा. विकसनशील देशांतील नवप्रवर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांचे हे मंडळ लुंडवाल प्रभृतींच्या पुढाकाराने उभे राहिले. त्याची पहिली परिषद २००३ साली रिओ दि जानेरो येथे, आणि चौथी २००६ साली आपल्याच देशात, तिरुअनंतपुरम् येथे भरली. या मंडळाने परिषदेच्या जोडीला २००४ पासून पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासवर्ग चालविला. तेथे विद्यार्थी आपले अपुरे, चालू असलेले काम मांडतो आणि ज्येष्ठ अभ्यासक त्यावर भाष्य करतात. अपुरे काम दाखविण्यास संकोच वाटू नये, ही या योजनेतील खरी गोम आहे.

दुसरा नमुना महाराष्ट्रातील ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन-मेळाव्याचा. २००६ पासून चालत आलेल्या या उपक्रमात मानव्यविद्यांपासून वैद्यकापर्यंत सहा विद्याशाखांतील विद्यार्थी भाग घेतात; विद्यापीठ पातळीवर निवड होऊन राज्य पातळीपर्यंत जातात. खेड्यातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास आपले भित्तिपत्र घेऊन परक्या परीक्षकापुढे उभे राहण्याची पहिली संधी पुष्कळदा येथेच मिळते. मात्र ही स्पर्धा आहे. परीक्षक गुण देतो. निबंधात काय सुधारावे हे सांगावयास त्याला सवड मिळतेच असे नाही. स्पर्धेतून धीटपणा येतो, परंतु संशोधनाची दुरुस्ती होण्यास वेगळे साधन लागते.

तिसरा नमुना मराठीतून भरणाऱ्या विषयवार परिषदांचा. मराठी अर्थशास्त्र परिषद हे त्याचे ठळक उदाहरण. तिची अधिवेशने निरनिराळ्या गावी भरतात, निबंध मराठीतून वाचले जातात, आणि तिचे ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिकही आहे. इंग्रजीच्या धास्तीने जो विद्यार्थी आपल्याच सामग्रीविषयी अडखळत बोलतो, तोच मराठीत बोलू लागला म्हणजे त्याचा प्रश्न किती स्वच्छ आहे हे दिसून येते. इंग्रजी परिषद टाळावी असे नव्हे. परंतु पहिली पायरी मराठीची आणि दुसरी इंग्रजीची, असा क्रम ठेवल्यास पाय घसरत नाही. शिवाय खवा-भट्टीवाला, गवंडी किंवा तालुक्याचा अधिकारी यांस जो निबंध समजतो, त्यातील चूक दाखविण्याचा अधिकारही त्यांस प्राप्त होतो.

या तिन्हींत निरनिराळे गुण आहेत. पहिल्यात भाष्य आहे, दुसऱ्यात सर्वांस प्रवेश आहे, तिसऱ्यात भाषा आहे. विभागाने आपल्या संशोधकासाठी या तिन्हींची सांगड घालावयाची आहे.

६. विभागाचे कर्तव्य

साहाय्य म्हणजे प्रवासखर्च अशी सामान्य समजूत आहे. खर्च हवाच, परंतु तो साहाय्याचा मधला तुकडा आहे. खरे साहाय्य परिषदेच्या आधी सुरू होते आणि परिषदेनंतर संपते.

परिषदेपूर्वी. निबंधाचा गोषवारा पाठविण्यापूर्वी मार्गदर्शकाने विद्यार्थ्याकडून तीन वाक्ये लिहून घ्यावीत : माझा प्रश्न काय, माझा पुरावा काय, आणि माझी शंका कोणती. तिसरे वाक्य लिहिता येत नसेल तर निबंध परिषदेस नेण्याजोगा झालेला नाही, असे समजावे. ‘भूकंपरोधक घरबांधणी : एक अभ्यास’ या शीर्षकाखाली काहीही येऊ शकते. ‘मजबुतीकरण झालेल्या घरांस पुढे जोडलेल्या खोल्यांत ते तंत्र टिकले काय?’ असे विचारले म्हणजे श्रोत्यास उत्तराची उत्सुकता वाटते आणि वक्त्यास विषय सोडून जाता येत नाही. त्यानंतर विभागात निबंधाचे एक प्रकट वाचन व्हावे. श्रोत्यांत दुसऱ्या विषयाचा एक तरी अध्यापक असावा, कारण परिभाषेच्या आड दडलेली संदिग्धता त्यालाच लवकर दिसते. परिषदेची निवडही याच वेळी करावी. निबंध कोण तपासतो, भाष्यकार नेमला जातो काय, चर्चेस किती वेळ आहे, हे तीन प्रश्न आयोजकांस विचारावेत. उत्तरे मिळाली नाहीत तर शुल्क भरू नये.

परिषदेत. नवोदिताने स्वतःचा निबंध वाचून होताच बाहेर पडू नये. किमान एका अन्य सत्रात पूर्ण वेळ बसावे आणि एक प्रश्न विचारावा. आपल्या निबंधावर आलेले प्रश्न लिहून घेण्याचे काम बरोबरच्या सहाध्यायाने करावे, कारण उत्तर देण्याच्या गडबडीत प्रश्न नीट ऐकला जात नाही. ज्या विभागाकडे परिषदेचे यजमानपद येईल, त्याने याहून एक पाऊल पुढे टाकावे. निबंधांची संख्या निम्मी करावी आणि प्रत्येक नवोदिताच्या निबंधास एक भाष्यकार द्यावा. भाष्यकाराने तो निबंध आठ दिवस आधी वाचलेला असावा. उद्घाटन आणि सत्कार यांत अर्धा दिवस जातो. त्यातील एक तास वाचविला तरी चार विद्यार्थ्यांच्या चर्चेची सोय होते.

परिषदेनंतर. परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत संशोधकाने विभागापुढे एक पानाचे टिपण ठेवावे. कोणते प्रश्न आले, त्यांतील कोणता बिनतोड होता, निबंधात काय पालटणार, आणि कोणाशी पत्रव्यवहार सुरू केला, इतकेच त्यात असावे. प्रमाणपत्र फाइलमध्ये लावले जाते. टिपण मात्र पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते. अशा दहा वर्षांच्या टिपणांचा संग्रह ही विभागाची मोठी पुंजी ठरेल.

७. खर्च आणि अडचणी

खर्चाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेसारख्या संस्था चर्चासत्रांस व संशोधकांस साहाय्य देतात; विद्यापीठांतही काही तरतुदी असतात. तथापि ज्या योजनांत रक्कम मागाहून मिळते, त्यांत आधी पदरचा पैसा घालावा लागतो आणि नंतर देयक सादर करावयाचे असते. ज्याच्या घरी पेरणीसाठीच उसनवारी होते, त्या विद्यार्थ्यास मागाहून मिळणाऱ्या शंभर टक्क्यांपेक्षा आधी मिळणारे पन्नास टक्के अधिक मोलाचे असतात. तेव्हा रक्कम वाढविण्यापेक्षा ती आगाऊ देणे, ही सुधारणा अल्प खर्चात होण्याजोगी आहे.

स्त्री-संशोधकांची अडचण याहून निराळी असते. रात्रीचा प्रवास, परगावचा मुक्काम, लहान मूल, घरची परवानगी, यांपैकी एकेक कारण निबंध घरीच ठेवण्यास पुरेसे होते. दोघी-तिघींना एकाच परिषदेस पाठविणे, मुक्कामाची खात्री आधी करून देणे, आणि काही परिषदा जिल्ह्यातच भरविणे, हे उपाय साधे आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८६ साली तुळजापूर येथे आपले ग्रामीण केंद्र उघडले, तेव्हा संस्था खेड्याकडे आली. परिषदांनीही तसेच यावे. बाहेरचे अभ्यासक धाराशिवला आले, तर निबंध ऐकल्यावर दुपारी ते ती घरे आणि त्या भट्ट्या प्रत्यक्ष पाहू शकतील. ही सोय महानगरातील परिषदेत कधीच होणार नाही.

८. समारोप

ज्या शास्त्राचा मूळ सिद्धान्तच असा आहे की नवे ज्ञान परस्परांच्या संवादातून जन्मते, त्याच्या अभ्यासकांनी आपल्या परिषदांतून संवाद हद्दपार करावा, यासारखी विसंगती नाही. संशोधक हा ज्ञानाचा उत्पादक आणि श्रोता हा त्याचा उपभोक्ता. दोघांची गाठ पडत नसेल, तर नवप्रवर्तन व्यवस्थेचा पहिला धागा आपल्याच घरी तुटला असे म्हणावे लागेल.

आणि या तुटण्याचे परिणाम एकट्या विद्यार्थ्यास भोगावे लागत नाहीत. धोरण ठरविणाऱ्यांच्या मेजावर शेवटी तेच प्रश्न जातात, जे कोणीतरी नीट मांडलेले असतात. घराच्या भिंतीचा, खव्याच्या भट्टीचा आणि काळ्या शेळीचा प्रश्न येथल्या तरुण संशोधकाने मांडला नाही, तर तो दुसरा कोणी मांडील याची शाश्वती नाही. दोन दिवसांच्या परिषदेसाठी विभागाने दोन महिने आधी आणि पंधरा दिवस नंतर कष्ट घ्यावेत, ही मागणी म्हणूनच मोठी नव्हे. कोणताही विभाग ती येत्या सत्रापासून, एका विद्यार्थ्यापासून, तीन वाक्यांच्या त्या कागदापासून आरंभू शकतो.